वीस बाइटचा बॅकअप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या तंत्रज्ञान पुरवणीत छोट्या व्यावसायिकांनी डेटाबेसचा बॅकअप ऑटोमॅटिक कसा करावा यावर लेख आला होता तो वाचला. लेख चांगलाय, सोपा आहे, माझ्या दोन क्लायंटनी तो मला फॉरवर्डसुद्धा केला. पण त्यातलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, 'एकदा शेड्यूल लावून टाका आणि निर्धास्त व्हा'. शेड्यूल लावा हे शंभर टक्के बरोबर, हाताने बॅकअप घेणारा माणूस पंधराव्या दिवशी विसरतोच, मीही विसरते. पण ते निर्धास्त व्हायचं जे आहे ना, ते मी एकदा होऊन बघितलंय.

मी एकटीच काम करणारी डेव्हलपर आहे, छोट्या धंद्यांची बिलिंगची, स्टॉकची सॉफ्टवेअरं लिहिते आणि सांभाळते. अशाच एका क्लायंटचा डेटाबेस, पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर, आणि रात्री दोनला क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालणारी माझी छोटीशी स्क्रिप्ट. स्क्रिप्ट काय करायची तर पोस्टग्रेसच्याच पीजी-डंप या प्रोग्रामने डेटा बाहेर काढायचा, तो पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीतून, जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला द्यायचा, फाइलच्या नावात तारीख घालायची आणि शेवटी ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइल्स पुसून टाकायच्या म्हणजे डिस्क भरत नाही. जवळजवळ दोन वर्षं मस्त चालली. मग एके दिवशी मला सुरक्षेची उबळ आली आणि मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला. ॲप्लिकेशनमध्ये नवीन पासवर्ड टाकला, सगळं चाललंय ना बघितलं, आणि स्क्रिप्टमध्ये बदलायचा राहिला.

त्या रात्रीपासून पीजी-डंप रोज दोन वाजता उठायचा, पासवर्ड चुकला म्हणून एक ओळ ओरडायचा आणि मरायचा. पण पाइपचं कसं असतं, शेलला, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला, विचारलं काम झालं का तर तो साखळीतल्या शेवटच्या प्रोग्रामचं उत्तर देतो, आणि शेवटचा होता जीझिप. जीझिपला काहीच मिळालं नाही तरी त्याची तक्रार नसते, त्याने काहीच नसलेलं छान दाबून त्याची एक फाइल करून ठेवली. १० बाइटचं हेडर, २ बाइट रिकामा डेटा, ८ बाइटचं शेपूट, एकूण २० बाइट. रोज एक. फोल्डर उघडून बघितलं तर तारखा ओळीने लागलेल्या, एकही खाडा नाही. फाइलच्या साइजचा कॉलम कोण बघतंय.

आणि ती ओरडलेली ओळ? क्रॉन ती मेल करतो, पण कुठे, तर त्याच सर्व्हरवरच्या लोकल मेलबॉक्समध्ये, जो मी जन्मात उघडला नव्हता. नंतर उघडला तेव्हा नव्वदच्या वर मेल पडलेल्या होत्या, सगळ्या सारख्याच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं, कारण पासवर्ड बदलायच्या आधीचे चांगले बॅकअप तर होते ना. नव्हते. पुसणारी ओळ अगदी ठणठणीत होती. ३० दिवस झाले की एकेक चांगली फाइल उचलून फेकत होती आणि तिच्या जागी २० बाइटची येत होती, म्हणजे महिन्याभरात माझ्याच स्क्रिप्टने माझे सगळे खरे बॅकअप पुसले. काही करायची गरजच नव्हती, मी नुसती स्क्रिप्ट बंद ठेवली असती तरी एक जुना बॅकअप हाती राहिला असता!

हे कळलं तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. क्लायंटने एक टेस्टचं बिल चुकून खऱ्या डेटामध्ये केलं होतं ते उडवायचं होतं. दोन ओळींची क्वेरी लिहिली, पहिल्या ओळीत डिलीट, दुसऱ्या ओळीत कुठलं बिल ते. टूलमध्ये माउसने सिलेक्ट करून चालवली, आणि सिलेक्ट झाली होती फक्त पहिली ओळ. मला उत्तर हवं होतं 'डिलीट १'. स्क्रीनवर आलं 'डिलीट ११९४२'. तो आकडा मी अजून विसरले नाही. बिलं गेली, बिलांच्या खालच्या आयटमच्या ओळी त्यांच्याबरोबर गेल्या, कारण तसं मीच लावून ठेवलं होतं. तरी सांगते, पहिली पाच मिनिटं मी शांत होते, कारण बॅकअप होता ना. मग फोल्डर उघडला.

वाचवलं कशाने ते ऐका. माझ्याबरोबर अधूनमधून काम करणाऱ्या एका मुलाने ११ दिवसांपूर्वी टेस्टिंगसाठी अख्ख्या डेटाबेसची कॉपी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली होती, मला न विचारता, एन्क्रिप्शन, म्हणजे फाइलला कुलूप, वगैरे काही नाही, डेस्कटॉपवर फाइल. ग्राहकांची नावं, फोन नंबर, कोणाकडे किती येणं बाकी, सगळं उघडं. तो लॅपटॉप बसमध्ये राहिला असता तर? म्हणजे जी गोष्ट असायलाच नको होती तिनेच त्या दिवशी लाज राखली, आणि त्याला ओरडावं की मिठी मारावी मला कळेना. (दोन्ही केलं.)

राहिलेले ११ दिवस हाताने भरले. ग्राहकांना मेल केलेली बिलं पीडीएफमध्ये सेंट फोल्डरला होती. क्लायंटकडे हिशेब बघणारे एक काका आहेत, ते चष्मा कपाळावर चढवून एकेक बिल वाचायचे आणि मी टाइप करायचे, शनिवार, रविवार आणि मधली रात्र. एकदाही मला बोलले नाहीत. फक्त रविवारी संध्याकाळी सहज विचारलं, "बाळा, तो बॅकअप रोज होतो म्हणाली होतीस ना?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते, होतच होता रोज.

आता कोणी म्हणेल तुमचा निष्काळजीपणा, त्यात पेपरला पत्र लिहिण्यासारखं काय आहे. निष्काळजीपणा होताच. पण मोठमोठ्यांचंही असंच्या असं झालंय. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका इंजिनियरने रात्री उशिरा, थकलेला असताना, चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर पुसायची कमांड दिली. ३०० जीबीच्या आसपासचा डेटा, थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या आणि वेळेला त्यातली एकही नीट चालत नव्हती. त्यांचा डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता आणि डंप काढायला उठत होता ९.२ चा पीजी-डंप, व्हर्जन जुळत नाही म्हणून तो रोज बंद पडायचा, तसा निरोप मेलने जायचाही, पण ती मेल समोरचा मेल सर्व्हर नाकारायचा आणि कोणापर्यंत पोचायचीच नाही. शेवटी ६ तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची अख्खी प्रत, होता, त्यावरून उभं केलं. साधारण ५००० प्रोजेक्ट, ५००० कमेंट आणि ७०० नवीन युजर यांना फटका बसला. त्या लोकांचं मला कौतुक एवढ्यासाठी वाटतं की त्यांनी लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर कुठे काय चुकलं ते तपशिलात लिहून सगळ्यांसमोर ठेवलं. ते मी वाचलं तेव्हा हसू आलं आणि रडूही, कारण मेलचा भाग तर माझाच होता.

म्हणजे बॅकअप घेणं अवघड नाहीये, तो बंद पडलाय हे कळणं अवघड आहे. हाताने बॅकअप घेणाऱ्याला एरर निदान दिसते. ऑटोमॅटिकमध्ये एरर बघायला कोणीच जागं नसतं, आणि 'सगळं ठीक' असलं की शांतता, 'सगळं बंद' असलं तरी तीच शांतता. लेखात हे एका ओळीत उरकलंय, 'लॉग अधूनमधून तपासा' म्हणून, लॉग म्हणजे प्रोग्रामने लिहून ठेवलेल्या नोंदी. कोण तपासतं हो लॉग?

क्रॉनच्या अशा अजूनही खोड्या आहेत ज्या नवीन डेव्हलपरला कोणी सांगत नाही. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह लिहिलं तर तो त्याचा अर्थ नवीन ओळ असा घेतो, आणि फाइलच्या नावात तारीख घालायला नेमकं तेच चिन्ह लागतं, त्यामुळे हाताने चालवली की पळणारी कमांड क्रॉनमध्ये टाकली की अर्धवट तुटते, त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते किंवा सगळं वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहावं लागतं. सर्व्हरचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं, म्हणजे तुम्हाला वाटणारे रात्रीचे दोन हे आपल्याकडचे सकाळचे साडेसात असतात. स्क्रिप्टच्या डोक्यावर पाइपफेल आणि एरर आली की तिथेच थांबायचा पर्याय (सेट -ई) चालू करायची एक ओळ असती तर माझे जुने बॅकअप तरी पुसले गेले नसते, कारण मग साखळीतला कुठलाही प्रोग्राम मेला तरी शेल नापास म्हणून सांगतो आणि स्क्रिप्ट पुसणाऱ्या ओळीपर्यंत पोचतच नाही. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी डंप काढताना सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय द्यावा, नाहीतर डंप संपेपर्यंत टेबलं लॉक राहतात आणि कोणाला नवीन बिल करता येत नाही. पीजी-डंप एका डेटाबेसचा डेटा काढतो पण युजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात, आणि हे लोकांना नवीन सर्व्हरवर रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत उभा करताना, कळतं. एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस, वापरत असाल तर चालू फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, त्याची स्वतःची बॅकअप कमांड आहे, ती वापरा.

आता 'सुरक्षित' या शब्दाबद्दल. लेखात लिहिलंय की फाइल एन्क्रिप्ट करून क्लाउडवर टाका. बरोबर. पण मी स्वतः बघितलेल्या बहुतेक सेटअपमध्ये एन्क्रिप्ट करायचा पासवर्ड त्याच स्क्रिप्टमध्ये लिहिलेला असतो, स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर असते आणि क्लाउडची किल्लीही तिथेच. सर्व्हरमध्ये घुसलेल्याला डेटाबेसही मिळाला, बॅकअपही मिळाला आणि तो उघडायचा पासवर्डही. कुलूप लावून किल्ली त्याच कडीला अडकवण्यातला प्रकार. त्यापेक्षा दोन किल्ल्यांचं एन्क्रिप्शन वापरा, जीपीजी घ्या किंवा एज नावाचं छोटं टूल आहे ते घ्या. सर्व्हरवर फक्त बंद करायची पब्लिक की ठेवायची, उघडायची प्रायव्हेट की सर्व्हरवर कधी जाणारच नाही. आणि ती प्रायव्हेट की एकाच लॅपटॉपवर ठेवू नका, छापून दोन ठिकाणी बंद पाकिटात ठेवा, त्यातलं एक पाकीट क्लायंटकडे, कारण डेव्हलपर सोडून जातात, आजारी पडतात, फोन उचलत नाहीत. की हरवली तर तो बॅकअप जगात कोणालाच उघडता येणार नाही, तुम्हालाही नाही.

दुसरं म्हणजे सर्व्हरला क्लाउडवर फाइल टाकायचा अधिकार द्या, पुसायचा देऊ नका. रॅन्समवेअरवाले आता आधी बॅकअप शोधून तो उडवतात आणि मग डेटा लॉक करतात, म्हणजे पैसे द्यायला दुसरा मार्गच राहत नाही. ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या क्लाउड सर्व्हिसमध्ये ठरावीक दिवस फाइल कोणालाच पुसता येणार नाही असं ऑब्जेक्ट लॉक लावता येतं, ते लावा. जुन्या फाइल्स पुसायचं काम क्लाउडच्या बाजूला द्या, आणि पुसण्याआधी मोजा. माझा आताचा नियम असा की खात्रीचे सात बॅकअप हाताशी असल्याशिवाय कितीही जुनी फाइल असली तरी पुसायची नाही. वय बघून पुसणं हीच माझी चूक होती.

जागेचं पण तेच. ३-२-१ चा नियम बऱ्याच जणांनी ऐकला असेल, पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने तो लोकांपर्यंत पोचवला, तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे दुसरं फोल्डर नव्हे, दुसरी डिस्कही नव्हे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले. आणि कोणी रेप्लिका, म्हणजे प्रत्येक बदल लगेच उचलणारी डेटाबेसची दुसरी चालती प्रत, आहे म्हणून बॅकअपची गरज नाही असं सांगत असेल तर त्याला माझ्या डिलीटचा आकडा सांगा. रेप्लिका असती तर तिच्यावरची बिलंही सेकंदाच्या आत गेली असती, तेच तर तिचं काम.

बॅकअप किती वेळाने घ्यायचा हा प्रश्न डेव्हलपरला विचारूच नका. तो त्या काकांना विचारायचा. किती तासांचं काम परत टाइप करायची तयारी आहे? काका म्हणाले अर्धा दिवस, त्याच्या वर नाही. म्हणून आता तिथे दर सहा तासांनी डंप निघतो, आणि ज्यांना पाच मिनिटंही गमवायची नाहीत त्यांनी पोस्टग्रेसचा वॉल किंवा मायएसक्यूएलचा बिनलॉग, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, सतत बाहेर पाठवायची सोय करावी, म्हणजे डिलीट मारायच्या एक मिनिट आधीच्या क्षणावर परत जाता येतं. पण ते सांभाळायला जरा डोकं लागतं, छोट्या धंद्याला बहुतेक वेळा डंप पुरतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ते. तुमच्या लेखात 'बॅकअप सक्सेसफुल' असा मेसेज स्वतःला पाठवायची युक्ती दिलीय. मीही ते करून बघितलं. तो मेसेज चौथ्या दिवसापासून कोणी वाचत नाही, आणि यायचा बंद झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय सक्सेस कशाचं? जीझिपचंही सक्सेसच होतं की.

मी आता वेगळं करते. रोज पहाटे दुसऱ्याच एका मशीनवर एक रिकामा डेटाबेस तयार होतो, क्लाउडवरची सगळ्यात ताजी फाइल तिथे खाली उतरते, उघडते, रिस्टोअर होते. उघडायची किल्ली या मशीनवर ठेवावी लागते, ते दुखणं आहे खरं, म्हणून त्या मशीनवर बाहेरून कोणाला येता येत नाही, ते फक्त आपण बाहेर जाऊन फाइल आणतं. मग त्या रिस्टोअर झालेल्या डेटाबेसला, खऱ्या नव्हे, विचारायचं की तुझ्याकडचं शेवटचं बिल कुठलं. त्याचा नंबर, रक्कम आणि एकूण किती बिलं आहेत एवढं एका ओळीत. आणि ही ओळ मला येत नाही, काकांना जाते, रोज सकाळी नऊला, फोनवर. मग तो डेटाबेस पुसून टाकायचा.

यात गंमत अशी आहे की मला त्या बिल नंबरवरून काही कळत नाही. काकांना कळतं. काल संध्याकाळी शेवटचं बिल कुठलं फाडलं ते त्यांना झोपेत विचारा. नंबर जुना आला तर त्यांना खटकतं, एकूण बिलं कालच्यापेक्षा कमी आली तर खटकतं, आणि मुळात ओळच आली नाही तर चहाआधी खटकतं. त्यांना क्रॉन म्हणजे काय माहिती नाही, पाइप म्हणजे त्यांच्यासाठी पाण्याचा. पण डेटा गेला तर शनिवार-रविवार बसून वाचून दाखवायची पाळी कोणावर येते हे त्यांना पक्कं माहितीय, त्यामुळे ते बघतात. एवढं सगळं करायला एक जुनं मशीन आणि चाळीस-पन्नास ओळींची स्क्रिप्ट लागली, लिहायला एक दिवस. डेटा फार मोठा असेल तर रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा करा, पण रिस्टोअर करूनच करा.

काकांच्या जोडीला मी एक यांत्रिक पहारेकरीही ठेवलाय, काम झालं की स्क्रिप्ट एका बाहेरच्या सर्व्हिसला टिचकी मारते आणि ठरलेल्या वेळेत टिचकी आली नाही तर ती सर्व्हिस मला फोनवर उठवते. हे पण लावा, फुकटात मिळतं.

पुरवणीत याचा पुढचा भाग येणार असं लेखाखाली लिहिलंय म्हणून विनंती, त्यात बॅकअपच्या कमांडआधी रिस्टोअरची कमांड छापा. आणि निर्धास्त हा शब्द तेवढा काढा.

मागच्या महिन्यात एका सकाळी काकांचा फोन आला. "बाळा, आज नंबर कालचाच आलाय, आणि काल तर आम्ही चाळीस बिलं केली." बघितलं तर सर्व्हरची डिस्क भरली होती, आदल्या सकाळपासूनचे सगळे डंप अर्ध्यावर थांबले होते, क्लाउडवर नवीन काही गेलंच नव्हतं आणि रिस्टोअरवाल्या मशीनने बिचाऱ्याने आदल्या पहाटेचीच फाइल परत उघडली होती. माझ्या पहारेकरी सर्व्हिसला दहा वाजेपर्यंतची सवड दिलेली होती, तिला अजून पत्ता नव्हता. काकांचा फोन नऊ वाजून चार मिनिटांनी आला होता.

आपली एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती, क्लायंट ओळखतील)